तिसरे मूल आजारी पडले तेव्हा : सातपुड्याच्या सीमेवरचे एक डाकीण प्रकरण

हे प्रकरण नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगराळ भागातले, गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या एका पाड्यावरचे आहे. कुणाची ओळख पटू नये म्हणून पाडा, नाती आणि काही घटनांचा क्रम बदलला आहे, नावे कुणाचीच दिलेली नाहीत. ज्या आदिवासी बाईने हे सगळे हाताळले तिला इथे ‘ताई’ म्हटले आहे आणि जिच्यावर डाकीण असल्याचा आळ आला तिला ‘काकी’. गावपातळीवर काम करणाऱ्यांना डाकीण प्रकरणात, म्हणजे एखाद्या बाईला चेटकीण ठरवून छळले जाते तेव्हा, पोलीस, दवाखाना आणि बडवा (दाणे पाहून दुखण्याचे कारण सांगणारा भगत) यांपैकी आधी कुणाकडे जायचे हा प्रश्न हमखास पडतो. त्यांच्यासाठी हे लिहिले आहे.

पार्श्वभूमी

या भागात राज्याची सीमा नकाशावर ठळक दिसते, माणसांत दिसत नाही. इकडे वसावे, तिकडे वसावा, एवढाच काय तो फरक. बोली एक, सोयरिकी दोन्हीकडे. इथल्या आदिवासींची देवी याहा मोगी, तिचे ठाणे देवमोगऱ्याला, म्हणजे गुजरातच्या सागबारा तालुक्यात, आणि महाशिवरात्रीच्या जत्रेला इकडची घरेच्या घरे तिथे जातात. दिवाळी उरकली की ऊसतोडीला बारडोली-सुरतकडे निघायचे आणि होळीला परतायचे, हा वर्षाचा ठरलेला रस्ता. आजारी पडल्यावर मात्र सीमा जाणवते. केसपेपर एका राज्याचा, औषध दुसऱ्या राज्यात हवे, असे सारखे होते.

ताईचे माहेर गुजरातेत, सासर इकडे. शाळा गुजरातीतून, तीही सातवीपर्यंत. जडीबुटी ती आजीकडून शिकली. सुजेला निरगुडीचा पाला, खोकल्याला अडुळसा, बाळंतिणीचे अंग चोळणे, अडलेली बाई झोळीतून रस्त्यापर्यंत पोहोचवणे, अशी तिच्या कामाची सुरुवात झाली. पुढे बचत गट आला, वनहक्काचे दावे भरणे आले, ग्रामसभेत उभे राहून बोलणे आले. ज्या संस्थेबरोबर ती काम करते तिच्या कागदावर ती ‘स्वयंसेविका’ आहे, म्हणजे मानधन नावापुरते आणि बोलावणे रात्री-अपरात्री. तिची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपण कशाला हात लावायचा नाही हे तिला पक्के माहीत आहे. डोळे पिवळे दिसले, मूल धापा टाकू लागले, की ती पाला काढत नाही, गाडी शोधते. लोकांचा तिच्यावर विश्वास बसला त्यात तिच्या औषधाइतकाच या नकाराचाही वाटा आहे.

काकी विधवा, मूलबाळ नाही. नवऱ्याच्या मागे वनहक्क कायद्याखाली मिळालेला वनजमिनीचा पट्टा तिच्याकडे राहिला. २००६ च्या या कायद्यात लग्न झालेल्या माणसाचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने निघतो, तो विकता येत नाही, वारसाने मात्र जातो. जमीन कसायला पुतण्या होता आणि पट्ट्याचा मूळ कागदही त्याच्याच पेटीत होता. प्रकरण सुरू झाले तेव्हा या गोष्टीकडे कुणाचेच लक्ष नव्हते.

प्रश्न काय होता

पाड्यावरच्या एका घरात दोन मुले गेली होती. पहिला मुलगा दीड-दोन वर्षांचा होता. आधी हातापायांचे पंजे सुजले, मग ताप, आणि गेला. दुसरा पुढच्या पावसाळ्यात. त्याचे पोट डाव्या बाजूला फुगले आणि एका दिवसात तो पांढराफटक पडला. दोन्ही वेळा मुलाला आधी सीमेपलीकडच्या बडव्याकडे नेले होते. दुसऱ्याच्या पोटावर डाम, म्हणजे तापलेल्या लोखंडाचे चटके दिल्याच्या खुणा होत्या. त्या घरात आता चार वर्षांची मुलगी उरली होती. थंडीत ऊसतोडीच्या फडावर तिचे हातपाय ठणकू लागले, डोळे पिवळे झाले, आणि आईबाप मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायच्या आधीच घरी परतले.

बडव्याने सुपात ज्वारीचे दाणे टाकले, ते जोडीने उरतात की एकटे हे पाहिले आणि सांगितले की नजर बाहेरची नाही, कुळातलीच आहे, बाई एकटी आहे. नाव त्याने घेतले नाही. घ्यायची गरजही नव्हती. त्या कुळात एकटी राहणारी बाई एकच होती.

त्यानंतरचा क्रम या भागात काम करणाऱ्याला ओळखीचा वाटेल. काकीच्या हातचे पाणी बंद झाले. तिच्या कोंबड्या मारून दाराशी टाकल्या. रात्री कौलांवर दगड. मग पंच बसले आणि तिने दोन बोकड आणि रोख दंड द्यावा असे ठरले. दंड भरला तर गुन्हा कबूल, न भरला तर जिवावर बेतणार. काकी पहाटे उठून जंगलवाटेने पलीकडे भावाकडे निघून गेली. दोन दिवसांनी पुतण्याची माणसे त्या गावातही गेली आणि ही डाकीण आहे, ठेवून घेऊ नका, असे सांगून आली.

ताईकडे निरोप आला तो काकीच्या भावाचा. त्याच संध्याकाळी आजारी मुलीची आईही तिच्याकडे आली. तिला काकीचे काही विचारायचे नव्हते. पोरीचे दुखणे थांबेल असा काही पाला आहे का, एवढेच तिला हवे होते.

समोरचे पर्याय

ताई, संस्थेचा एक कार्यकर्ता, आरोग्य उपकेंद्राची नर्स आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणारा एक शिक्षक असे चौघे बसले. मते चार झाली.

शिक्षकाचे म्हणणे सरळ होते. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. अमुक व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे मुश्कील करणे हा त्यात गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. मग वाट कशाची पाहायची? बडवा आणि पुतण्या, दोघांवर गुन्हा नोंदवा.

कार्यकर्त्याला भीती वेगळी होती. बडवा गुजरातेत राहतो, दाणे त्याने तिथेच पाहिले. असा कायदा गुजरातने केला तो २०२४ मध्ये, हे प्रकरण त्याआधीचे आहे. म्हणजे दगड मारणारे इकडच्या कायद्यात अडकणार आणि ज्याच्या शब्दावरून दगड पडले तो मोकळा. शिवाय जेमतेम चाळीस घरांच्या पाड्यात गुन्हा दाखल होऊन चार पुरुष आत गेले, तर काकीला तिथे पुन्हा कोण राहू देणार?

तिसरी वाट पंचांची. दंड कमी करून घ्यायचा, एखादा बोकड देऊन मिटवायचे. पाड्यावरच्या बऱ्याच जणांना हेच बरे वाटत होते, काकीच्या भावालासुद्धा. ताईने याला ठाम नकार दिला. दंडाचा आकडा कितीही खाली आणला तरी काकी डाकीण ठरते ती ठरतेच, आणि पुढचे मूल आजारी पडले की पुन्हा तिच्याच दारात लोक येतात. हा नकार या प्रकरणातला पहिला मोठा निर्णय आणि माझ्या मते सर्वांत बरोबर निर्णय. मिटवामिटवीचे आकर्षण फार असते, कारण ती एका बैठकीत होते.

चौथी गोष्ट नर्सने मांडली. पंजे सुजणे, वारंवार पिवळे पडणे, प्लीहा एकाएकी फुगून मूल पांढरे पडणे, थंडीत आणि कष्टात सांधे ठणकणे, ही सगळी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची लक्षणे आहेत आणि या पट्ट्यात तो आजार घरोघरी सापडतो. दोन मुलांच्या वेळी कुणी रक्त तपासलेच नव्हते.

बोलणे बराच वेळ चालले. शेवटी ताईने क्रम ठरवला. आधी मुलगी. तिसरेही मूल गेले तर कायदा, दवाखाना, बैठक, काहीच कामाला येणार नाही आणि काकीचा जीव वाचवणे अवघड होईल. दुसरे, काकीची तक्रार तिच्याच तोंडून आणि लेखी. तिसरे, बडव्याकडे ताई एकटी जाणार. शिक्षकाला हा क्रम पटला नाही. त्याचा मुद्दा असा की जिच्यावर अन्याय झाला तिला रांगेत दुसरे उभे करायचे, तेही तिच्यावर आळ घेणाऱ्या घराच्या मागे, हे कुठल्या न्यायात बसते? ताईकडे याचे उत्तर नव्हते, तिने तसे सांगितलेही. ती म्हणाली, काकी आत्ता भावाकडे जिवंत आहे, पोरगी उद्या असेल की नाही ठाऊक नाही.

काय केले

मुलीला ग्रामीण रुग्णालयात नेले. हिमोग्लोबिन फार खाली होते आणि सिकलसेलची प्राथमिक चाचणी, सोल्युबिलिटी, पॉझिटिव्ह. ही चाचणी स्वस्त आणि झटपट होते, पण मूल नुसते वाहक (दोष अंगात, पण आजार नाही) आहे की रुग्ण हे त्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्ताची अधिक नेमकी चाचणी करावी लागते. नमुना पुढे पाठवला, मुलीला जिल्हा रुग्णालयात हलवले, रक्त चढवले. अहवाल आला तो एसएस, म्हणजे रुग्ण. मग आईबापांचे रक्त तपासले. दोघेही वाहक निघाले.

तक्रारीचे काम सोपे गेले नाही. इकडच्या ठाण्यात पहिला प्रश्न आला की बाई राहते कुठे. गुजरातेत म्हटल्यावर तिकडे जा. तिकडे गेल्यावर घटना महाराष्ट्रात घडली, इकडे या. काकी निरक्षर, ताईला लिहिता येते ते गुजरातीत आणि तोडक्या मराठीत. अखेर काकीने तिच्या बोलीत सांगितले, कार्यकर्त्याने मराठीत उतरवले, ताईने ते तिला परत बोलीत वाचून दाखवले आणि मग अंगठा घेतला. ही शेवटची पायरी बहुतेक ठिकाणी गाळतात. वाचून दाखवताना काकीने दोन ठिकाणी थांबवून दुरुस्ती केली. त्यातली एक फार महत्त्वाची निघाली. दगडफेकीच्या आदल्या आठवड्यात पुतण्याने तिच्याकडे एका कागदावर अंगठा मागितला होता आणि तिने दिला नव्हता.

इथे प्रकरण फिरले. तोवर सगळे आजारी मूल आणि बडवा यांच्याभोवतीच विचार करत होते. जमीन मध्ये आहे हे त्या अंगठ्याने दाखवले. ताईने प्रांत कार्यालयातून पट्ट्याची प्रत काढून आणली. काकीचे नाव त्यावर स्वच्छ होते. ही प्रत घेऊन दक्षता अधिकाऱ्याकडे गेल्यावर ठाण्याचा सूर बदलला. २०१३ च्या कायद्यात एका किंवा अधिक ठाण्यांसाठी असा पोलीस अधिकारी नेमायची तरतूद आहे, पण तो कोण हे शोधायला तक्रारदारालाच हिंडावे लागते, ही रड वेगळी. दगडफेकीची तक्रार नोंदली गेली, पुतण्या आणि इतरांवर प्रतिबंधक कारवाई होऊन त्यांच्याकडून बंधपत्र लिहून घेतले. बडव्याचे नाव जबाबात आहे, पण त्याच्यावर कारवाई झाली नाही.

बडव्याची भेट ताईने घेतली ती माहेरच्या नात्याने. ती त्याला मामा म्हणते. तिने त्याला चूक कबूल करायला सांगितले नाही. मुलीचे रक्त तपासले, त्यात आजार सापडला, तो आईबापांच्या रक्तातून आला आहे, दोन मुले त्यानेच गेली, एवढे तिने सांगितले. मग एक मागणी केली. डोळे पिवळे झालेले किंवा पंजे सुजलेले मूल आले तर मामांनी पूजा जरूर करावी, पण मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात पाठवावे, आणि डाम देऊ नये. बडव्याने बराच वेळ काहीच उत्तर दिले नाही. नंतर म्हणाला की दाण्यांत कुळातल्या खत्र्यांचे, म्हणजे पूर्वजांचे देणे राहिल्याचेही दिसत होते, ते फेडले तर घर निवळेल. आपला शब्द त्याने मागे घेतला नाही. बोट मात्र काकीवरून उचलून मेलेल्या माणसांकडे वळवले.

शिक्षक याने संतापला. एक अंधश्रद्धा काढून दुसरी बसवली, बडव्याचा मान जिथल्या तिथे राहिला, उद्या तो दुसऱ्या बाईकडे बोट दाखवेल, असे त्याचे म्हणणे होते. मला यातला शेवटचा भाग खरा वाटतो. पण त्या घराने पूर्वजांची पूजा केल्यानंतरच काकीच्या दारावरून लोक सरळ मानेने जाऊ लागले, हेही खरे आहे, आणि ते बंधपत्राने झाले नव्हते.

उडदाचे दाणे

या सगळ्यात जी गोष्ट सर्वांत कौतुकाची ठरली तीच सर्वांत महागात पडली, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

सिकलसेल म्हणजे काय हे पाड्यावर सांगायचे ताईने ठरवले. तिने सूप घेतले, ज्वारी आणि काळे उडीद घेतले. आईच्या मुठीत एक ज्वारी, एक उडीद. बापाच्या मुठीतही तसेच. प्रत्येक मुलाला दोघांकडून एकेक दाणा मिळतो. दोन ज्वारी आल्या तर मूल निरोगी. एक ज्वारी, एक उडीद आला तर मूल आईबापांसारखेच, बाहेरून धडधाकट. दोन्ही उडीद आले तर आजार. चार वेळा मूठ उघडली तर साधारण एकदा असे होते, पण दर खेपेला मूठ नव्याने उघडते. म्हणून एखाद्या घरात सलग तीन मुले आजारी निघू शकतात आणि शेजारच्या घरात एकही नाही. बडव्याचे दाणे पाहिलेल्या लोकांनी हे दाणेही मन लावून पाहिले. एका म्हाताऱ्याने विचारले की मग हे काळे दाणे आपल्याच लोकांत एवढे कुठून आले. नर्सने सांगितले की एक काळा दाणा असलेल्याला जंगलातला मोठा हिवताप सहसा जीवघेणा होत नाही, म्हणून हिवतापाच्या मुलखात तो पिढ्यानपिढ्या टिकला. ही गोष्ट लोकांना आवडली. बैठक छान झाली असे सगळ्यांना वाटले.

आठ दिवसांत मुलीची आई ताईच्या दारात रडत आली. ताईने दाणे दाखवताना सुरुवात आईच्या मुठीपासून केली होती. सासूने तेवढेच धरून ठेवले. काळा दाणा सुनेने माहेराहून, म्हणजे पलीकडून आणला, आणि आमची नातवंडे खाल्ली. घरात दुसरी बायको करायची बोलणी सुरू झाली होती. काकीच्या अंगावरून उतरलेला आळ दहा पावलांवरच्या सुनेच्या अंगावर जाऊन बसला, आणि या वेळी त्याला दवाखान्याच्या कागदाचा आधार होता.

इथे निर्णय घ्यायला वेळ नव्हता. ताईला वाटत होते की पुन्हा बैठक घेऊन बापाची मूठ आधी उघडून दाखवावी. नर्सने अडवले. नवराबायकोच्या रक्ताचा अहवाल पाड्यासमोर मांडणे आधीच गैर झाले होते, आता बापाला चव्हाट्यावर उभे करून ते दुरुस्त होणार नव्हते. त्यांनी बापाला एकट्याला दवाखान्यात बोलावले. डॉक्टरांनी त्याच्या हातात त्याचाच अहवाल ठेवला. दुसरी बायको केली आणि तिच्यातही हा दाणा निघाला, तर? या पट्ट्यात तो निघण्याची शक्यता चांगलीच आहे. तो माणूस घरी जाऊन आईशी काय बोलला हे कुणाला माहीत नाही. दुसऱ्या लग्नाचे बोलणे थांबले.

मग उशिरा का होईना, सगळ्या पाड्याची तपासणी झाली. आरोग्य खात्याचे पथक आले, शाळेच्या पडवीत बसले. अहवाल ज्याचा त्यालाच दिला. तरी लोकांनी आपापसांत सांगितलेच, आणि वाहक बऱ्याच घरांत आहेत हे कळल्यावर ‘पलीकडून आणला’ हे बोलणे मागे पडले.

काकीचे परतणे

महाशिवरात्रीला काकी भावाच्या घरच्यांबरोबर देवमोगऱ्याला गेली. पाड्यावरची माणसेही तिथे होती. मुलीची आई तिच्याजवळ गेली आणि दोघी बराच वेळ एकत्र बसल्या. त्याच्या बळावर ताईने ठरवले की पेरणीच्या आत काकीने परत यावे. एक पावसाळा जमीन पुतण्याने पेरली की पुढे कागद काहीही म्हणो, ती त्याचीच झाल्यासारखी होते. मृग लागताना बचत गटाच्या बायका काकीच्या शेतात उतरल्या. एकमेकींच्या शेतात बिनपैशाने कामाला जायची रीत इथे आहेच. फरक एवढाच की डाकीण ठरलेल्या बाईच्या शेतात ती पाळली जात नाही, आणि या वेळी पाळली गेली. शेताच्या बांधावर सगळ्यांनी काकीच्या हंड्यातले पाणी प्यायले. ताईने हे आधी सांगून ठेवले होते, आपोआप झाले नाही.

काकीची झोप मात्र परत आली नाही. कौलावर मांजर चालले तरी ती उठून बसायची. जेवण तुटले होते. ताई रात्री तिच्याकडे झोपायला जाऊ लागली, अंगाला तेल लावून द्यायची आणि फारसे बोलायची नाही. पुढे हे काम बचत गटातल्या दोघींनी वाटून घेतले. तालुक्याला मानसिक आरोग्याची तपासणी करून घ्यावी असे नर्सने सुचवले, काकी एकदा जाऊन आली. तिला ते उपयोगाचे वाटले नाही, कारण तिथे तिची बोली कुणाला येत नव्हती.

निष्पत्ती

मुलगी जिवंत आहे. हायड्रॉक्सियुरिया (सिकलसेलचे ठणके कमी करणारे औषध) आणि फॉलिक अॅसिड सुरू आहे, लसी दिल्या आहेत, ठणके कमी झाले आहेत. आईबाप ऊसतोडीला जातात तेव्हा तीही जाते आणि नेमके तिथेच गाडे अडते. गुजरातचा स्वतःचा सिकलसेल कार्यक्रम जुना आहे, फॉलिक अॅसिड तिकडे सहज मिळते, पण हायड्रॉक्सियुरियासाठी तिथे नव्याने नोंद आणि रक्ततपासणी हवी असते. फडावरून दिवस मोडून कोण जाणार? पहिल्या हंगामात औषध तुटले आणि मुलीला पुन्हा दाखल करावे लागले. आता निघताना होळीपर्यंत पुरेल एवढे औषध बरोबर देण्याची सोय नर्सने करून घेतली आहे. रक्ताची तपासणी मध्येच व्हायला हवी, ती राहते.

काकी स्वतःच्या घरी राहते, जमीन तिच्याकडे आहे. दोन घरे अजूनही तिच्याकडचे पाणी घेत नाहीत. लग्नात तिला बोलावतात, हळदीला पुढे करत नाहीत. पुतण्या बोलत नाही, त्रासही देत नाही. बडव्याने त्यानंतर पिवळी पडलेली काही मुले दवाखान्यात पाठवली आहेत. डाम थांबला की नाही, हे खात्रीने सांगता येत नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, दुसऱ्या मुलाच्या मृत्यूनंतर. बालमृत्यूचे अन्वेषण करण्याची पद्धत सरकारी यंत्रणेत आहे, घरी जाऊन लक्षणे विचारायची असतात. कागदावर ‘ताप’ लिहून विषय संपला. पोट डाव्या बाजूला फुगले आणि मूल एका दिवसात पांढरे पडले, हे आईने तेव्हाच सांगितले असते. तिला कुणी विचारले असते तर तिसऱ्या मुलीचे रक्त ऊसतोडीला जाण्याआधीच तपासले गेले असते, आणि बडव्याने दाणे टाकण्याआधीही.

तक्रारीच्या क्रमाबद्दल माझे मत ताईपेक्षा थोडे वेगळे आहे. मुलीला दवाखान्यात नेणे आणि काकीचा जबाब घेणे एकाच दिवशी दोन माणसांनी करता आले असते. माणसे चार होती. क्रम लावण्याची गरज पडली ती सगळे ताईनेच करायचे असे गृहीत धरल्यामुळे. काकी भावाकडे सुरक्षित आहे हेही गृहीतच होते, पुतण्याची माणसे तिथवर पोहोचली होती हे माहीत असताना.

सिकलसेल सांगण्याची रीत पूर्ण उलटी हवी होती. आधी सगळ्या पाड्याची तपासणी, मग ज्याचा त्याला अहवाल, आधी बापाला, मग दोघांना एकत्र, आणि सर्वांत शेवटी दाणे, तेही कुठल्या घराचे नाव न घेता. ताई आता इतर पाड्यांवर हेच करते. पहिली मूठ ती बापाची उघडते.

आणि एक प्रश्न चौघांपैकी कुणीच विचारला नाही. काकीला परत यायचे होते का? तिने भावाकडे असताना एकदा म्हटले होते की जमीन इकडे आणता आली असती तर मी इथेच राहिले असते. ते बोलणे सगळ्यांनी दुःखातले बोलणे म्हणून सोडून दिले. जमीन राखायची तर ती कसणारा भाचा तिकडून येऊन राहू शकतो का, काकीने फक्त पेरणी-कापणीला यावे का, असे पर्याय होते. ते तिच्यासमोर मांडलेच नाहीत, कारण तिला पाड्यावर परत आणणे म्हणजेच काम फत्ते, असे मनात बसले होते. ताईने अलीकडे तिला हे विचारले. काकी म्हणाली, आता पेरले आहे, पुढच्या वर्षी बघू.

मुलीची आई पुन्हा गरोदर आहे. या वेळी बातमी ताई, नर्स आणि नवराबायको यांच्यापलीकडे गेलेली नाही. गर्भाची तपासणी पहिल्या तीन महिन्यांत मोठ्या शहरात होते हे दोघांना सांगितले. त्यांनी नको म्हटले. बाळंतपण दवाखान्यात करायचे ठरले आहे. बाळाच्या रक्ताचा नमुना तिथेच एचपीएलसीसाठी पाठवायचा, कारण सोल्युबिलिटी चाचणी पहिल्या सहा महिन्यांत भरवशाची नसते. अहवाल आधी बापाला कळवायचा, असे नर्सने केसपेपरवर लिहून ठेवले आहे.